लेकीला डायनासोर दाखवायला परदेशी न्यायचंय, नांदेडहून नियोजन कसं करावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात लेकीला घेऊन परदेशातली डायनासोरची संग्रहालयं बघायला जायचं आमच्या घरात ठरलंय. आम्ही नांदेडचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती बघतात. घरातून आजवर कुणी परदेशी गेलेलं नाही, त्यामुळं अगदी बारीकसारीक विचारणार आहे, सांभाळून घ्या.

लेक सहावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात अर्धापूरजवळच्या आमच्या शेतात विहीर खोल करायला घेतली होती. क्रेननं वर आलेला दगड काठावर पडायचा आणि ही भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून त्या ढिगाऱ्यावर बसायची. एकेक दगड उलटा करून, पाणी मारून, जुन्या टूथब्रशनं घासून बघायची, हाड आहे का म्हणून. अकरा दिवस हेच चाललं होतं. आठव्या परसाला पाणी लागलं, सगळ्यांनी नारळ फोडला, आणि ही एकटी आंब्याखाली रडत बसलेली. "आई, इतकं खोल गेलो तरी एक पण हाड निघालं नाही." मिळाल्या त्या फक्त पांढऱ्या गारगोट्या. त्या अजून तिच्या कंपासपेटीत आहेत.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हिला खरा सांगाडा दाखवायचाच. हळदीचे यंदा बरे पैसे आलेत, माझी थोडी बचत आहे, मिळून सहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. आम्ही तिघं आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात, पण नातीबरोबर यायचं म्हणतायत. लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्क, लेकीच्या वहीत मोठी यादी आहे. कुठं जावं? किती दिवस? व्हिसाचं कसं? आणि तिचा तो प्रश्न, आपल्या विहिरीत का निघालं नाही, त्याचंही उत्तर कुणी देऊ शकलं तर बरं होईल. मला नीट देता आलं नाही.

काळापाषाण

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अंबाजोगाईला तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, आणि कुण्या विद्यार्थ्यानं हे विचारावं म्हणून वाट बघितली.

डायनासोर संपले त्या काळाच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्याकडं जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत होता. एक थर थंड व्हायचा, वरून दुसरा यायचा. अजिंठा आणि वेरूळची लेणी याच थरांत कोरलेली आहेत, आणि तुमची विहीरही त्यातच आहे. लेकीच्या गारगोट्या बहुधा लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्यांमधल्या असणार. त्या टाकू नका.

हाडं टिकतात ती गाळात, चिखलात, वाळूत पुरली गेली तर. तसे डायनासोरच्या काळातले थर आपल्याकडं असलेच तर या सगळ्या पाषाणाच्या खाली आहेत. भाकरीच्या चवडीत सगळ्यात खालची भाकरी दिसत नाही, पण कडेला चवड सरकलेली असेल तर तिचा काठ दिसतो. दख्खनच्या पाषाणाचे असे काठ म्हणजे जबलपूर, गुजरातेतलं बालासिनोर आणि आपलं चंद्रपूर. जबलपूरला १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला हाडं मिळाली, तीच भारतात सापडलेली पहिली डायनासोरची हाडं. त्यांच्यावरून पुढं १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव ठेवलं गेलं. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला निघालेला लांब मानेचा डायनासोर आज इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यात गवताचे अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं फारसं कुणी मानत नव्हतं.

लेकीला आणखी एक सांगा. नांदेडच्या घाटावरून पुढं जाणारी गोदावरी सिरोंच्याजवळ प्राणहितेला मिळते. त्या खोऱ्यात पाषाणाचं पांघरूण नाही, तिथले खडक लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचे आहेत. बारापासॉरस त्याच खोऱ्यातला. बंगालीत बारा म्हणजे मोठा, पा म्हणजे पाय, कारण मांडीचं एकच हाड १.७ मीटरचं निघालं, तुमच्या लेकीपेक्षा उंच. आणि खोदकामाचं साल १९६१, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. तो कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याच खोऱ्यातला कोटासॉरस मात्र तुमच्या उशाशी आहे, हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. परदेशाचं तिकीट काढण्याआधी रात्रीच्या गाडीनं सिकंदराबादला जाऊन या. आपल्याच नदीकाठचा प्राणी आधी बघितला तर परदेशातले सांगाडे बघताना तिच्याजवळ ताडून बघायला काहीतरी असेल.

मोगरा_जालना

आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन युरोपात हेच केलं, आणि चुकलो ते मोकळेपणानं सांगते.

नऊ दिवसांत पाच संग्रहालयं घेतली होती. तिसऱ्या दिवसानंतर पोरगं सांगाड्याकडं न बघता बाकावर जाऊन बसायला लागलं. ब्रुसेल्सला पोचलो तो सोमवार, संग्रहालय बंद. बर्लिनचंही सोमवारी बंद असतं, पॅरिसचं मंगळवारी. हे वार आधी वहीत लिहून घ्या, मगच रेल्वेचं बघा. शिवाय ज्या एजंटाकडून व्हिसा केला त्यानं अर्ज चुकीच्या देशाच्या वकिलातीत टाकला. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा. आमच्या जास्त रात्री जर्मनीत होत्या, अर्ज गेला फ्रान्सकडं. पुन्हा सगळं करावं लागलं, फी गेली ती गेलीच.

पण बर्लिन! त्या मोठ्या दालनात पाय ठेवला आणि आम्ही तिघं बोलायचेच थांबलो. जिराफाटायटन, १३.२७ मीटर उंच, म्हणजे चार मजली घराएवढा. मुलगा सरळ जमिनीवर उताणा झोपला, खालून बरगड्या मोजायला लागला. रखवालदार जवळ आला तेव्हा वाटलं आता रागावणार, तर त्यानं हातानं खूण केली, जरा डावीकडं सरक, तिथून मान पूर्ण दिसते. ती हाडं टांझानियातल्या तेंदागुरूची, १९०९ ते १९१३ मध्ये खणलेली. तिथल्या माणसांनी डोक्यावर आणि खांद्यावर वाहून चार-चार दिवस चालत लिंडी बंदरापर्यंत आणली, दोनशे टनांहून जास्त. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग त्यांच्या गावात काय उरलं?" मला उत्तर देता आलं नाही. अजून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

ब्रुसेल्सला त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी परत गेलो म्हणून तिथले इग्वानोडॉनही बघायला मिळाले. १८७८ मध्ये बर्निसार्तच्या कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोल सापडलेले, तीसेक सांगाडे. काचेच्या प्रचंड पेटीत ओळीनं उभे आहेत. त्यांच्या अंगठ्याला टोकदार काटा आहे. आधी तो एकच सुटा सापडला होता तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला नाकावरचं शिंग समजून चित्रं काढली होती, अख्खे सांगाडे निघाल्यावर कळलं की तो हाताचा आहे. मुलाला हे सगळ्यात आवडलं, मोठ्या माणसांचंही चुकतं आणि ते दुरुस्त करता येतं म्हणून.

ताई, एकच देश घ्या. दोन संग्रहालयं, फार तर तीन. आणि प्रत्येकाला दोनदा जा.

वसमतकर

मी बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये. मोगराताईंना दुजोरा. तुमच्या बजेटमध्ये आणि सासूबाई सोबत असताना लंडन बरं पडेल असं मला वाटतं, कारण इथलं नॅचरल हिस्टरी म्युझियम फुकट आहे. फुकट असल्यामुळं दोनदा-तीनदा जाता येतं, एका दिवसात सगळं उरकायची घाई राहत नाही. वेळेचं मोफत तिकीट साइटवरून आधी काढून ठेवा.

१८८१ मध्ये उघडलेली ही इमारत, आतून देवळासारखी. खांबांवर, कमानींवर मातीचे प्राणी कोरलेत, माकडं वर चढताना दिसतील. डायनासोर हा शब्द १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी घडवला, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणारेही तेच. मधल्या दालनात वर्षानुवर्षं डिप्पी नावाचा डिप्लोडोकस उभा होता, १९०५ मध्ये भेट आलेला साच्यातला सांगाडा. २०१७ पासून तिथं २५ मीटरचा निळा देवमासा छताला टांगलाय. लेकीनं पुस्तकात डिप्पी बघितला असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातच हिरमुसेल. बाहेरच्या बागेत मात्र २०२४ पासून फर्न नावाचा कांस्याचा डिप्लोडोकस आहे, त्याच्या पोटाखालून चालता येतं. एक्झिबिशन रोडच्या बाजूच्या दारानं आत शिरलात तर सोफी नावाची स्टेगोसॉरस समोरच. तिच्या पाठीवरचे पत्रे जवळून बघा.

डायनासोरच्या दालनात हलणारा, डरकाळ्या फोडणारा टी. रेक्स आहे आणि सगळी गर्दी त्याच्यापाशी असते. सकाळी दहाला उघडतं, पहिल्या तासात ते दालन करून घ्या. मग निवांत त्या कॉरिडॉरमध्ये जा जिथं भिंतीवर समुद्री सरपटणारे प्राणी लावलेत. त्यातले काही मेरी ॲनिंगनं शोधलेले.

या मेरीबद्दल तुमच्या लेकीला सांगायलाच हवं. १७९९ चा जन्म, घरची गरिबी, वडील सुतारकाम करायचे, ते लवकर गेले. समुद्रकाठचे दगड विकून घर चालायचं. बारा वर्षांची असताना तिनं आणि भावानं मिळून इक्थिओसॉरचा सांगाडा काढला, १८२३ मध्ये एकटीनं पहिला पूर्ण प्लेसिओसॉर. बाई म्हणून तिला लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या सभेत प्रवेश नव्हता. तिचं गाव लाइम रीजिस. लंडनहून रेल्वेनं ॲक्समिन्स्टर, पुढं बस. तिथं आणि शेजारच्या चारमथला किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म उचलायला परवानगी आहे! कडा खणायचा नाही, कड्याच्या अगदी खाली जायचं नाही कारण दरड कोसळते, आणि भरतीची वेळ बघूनच उतरायचं. चारमथच्या केंद्रातली जाणकार माणसं सोबत घेऊन फिरवतात, आधी नाव नोंदवा. गावातलं छोटं संग्रहालय मेरीच्या घराच्या जागेवरच उभं आहे, आणि समुद्राकडं तोंड करून तिचा व तिच्या कुत्र्याचा पुतळा आहे.

जी पोर अकरा दिवस विहिरीचे दगड घासत बसली, तिला नुसते काचेआडचे सांगाडे दाखवून परत आणू नका. तिच्या हाताला एकदा काहीतरी लागू द्या.

पैनगंगा

लंडन झेपत नसेल तर जवळचे पर्याय सांगून ठेवते. सिंगापूरला ली काँग चियान संग्रहालयात लांब मानेचे तीन सांगाडे आहेत, प्रिन्स, अपोलोनिया आणि ट्विंकी. प्रिन्स २७ मीटरचा. अबू धाबीत आता नवं संग्रहालय झालंय, तिथं स्टॅन हा टी. रेक्स आहे, जो २०२० च्या लिलावात ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला होता. जपानच्या फुकुईचं तर डायनासोरसाठीच बांधलेलं आहे, २०२४ पासून टोकियोहून बुलेट ट्रेन थेट फुकुईला जाते. अमेरिकेचं मात्र व्हिसाची मुलाखत मिळेपर्यंत मे निघून जाईल.

सातबारा

लातूरला कर सल्लागार आहे, कागदपत्रांचं सांगतो. इंग्लंडचा व्हिसा आणि शेंगेन वेगवेगळे. दोन्हीकडं जायचं तर दोन व्हिसे, चार माणसांची फी दुप्पट. म्हणून एकच देश हे बरोबर.

इंग्लंडचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे द्यायला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. तुम्हाला हैदराबाद सोयीचं. शाळेकडून रजा मंजुरी आणि ना हरकत पत्र आत्ताच मागायला लागा, जिल्हा परिषदेत कागद टेबलावरून टेबलावर जायला वेळ लागतो. शेतीचं उत्पन्न दाखवायला सातबारा, आठ अ, हळद विकल्याच्या पट्ट्या म्हणजे पावत्या आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडावी लागतात, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख त्यावर हवी. आणि कुणी काहीही सांगो, अर्जाच्या आठवड्यात खात्यावर एकदम मोठी रक्कम आणून भरू नका. पैसा कुठून आला ते दिसलं पाहिजे. हळद विकल्यावर पट्टीप्रमाणे जसा जमा झाला तसाच राहू द्या.

सासूबाईंच्या आधारवर आणि पासपोर्टवर नाव, जन्मतारीख एकच आहे का ते आजच बघा. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या जन्मतारखांचा घोळ बहुतेक घरांत असतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. सातबारा, तुम्ही म्हणालात तेच झालं, आधारवर १ जून आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरीच तारीख. दुरुस्तीला दिलंय.

वसमतकर, मेरीचं लेकीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून वही आणली आणि यादीतलं पॅरिस, न्यूयॉर्क स्वतःच खोडलं. वर मोठ्या अक्षरांत लाइम रीजिस लिहिलं.

तिथं नक्की काय सापडतं? आणि खाण्याचं कसं? सासूबाई अंड्याचंही खात नाहीत.

वसमतकर

जास्त करून अमोनाइट, गोगलगायीसारखे गुंडाळी असलेले समुद्री जीव. डायनासोर नव्हे, पण त्यांच्याच काळातले. तुमच्या घरात बहुतेक असेलच एक. देवघरात शाळीग्राम आहे का?

खाण्याची काळजी नको, लंडनमध्ये शाकाहारी सगळीकडं मिळतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुशीला हा पदार्थ करायला मुरमुरे आणा. तूप, पेढे, खवा मात्र आणू नका, दुधाचे पदार्थ इकडं आणायला बंदी आहे. संग्रहालयात व्हीलचेअर मिळते, लिफ्ट आहेत. चारमथचा किनारा मात्र गोट्यांचा आहे, सासूबाईंना वरच्या बाकावर बसून समुद्र बघू द्या.

काळापाषाण

वसमतकर, मनातलं बोललात. शाळीग्राम म्हणजे नेपाळच्या काली गंडकीत मिळणारे अमोनाइटच. हिमालय उठण्याआधी तिथं समुद्र होता, त्याच्या तळाशी ते जीव काळ्या गाळात पुरले गेले. दगडातलं चक्र म्हणजे त्या जीवाच्या शंखाचा ठसा.

गोदाकाठ

आज एकादशी. सासूबाईंनी अभिषेकासाठी शाळीग्राम ताम्हणात काढला आणि लेकीला जवळ बोलावलं. एरवी कुणाला हात लावू देत नाहीत. लेकीनं हात धुऊन, भिंग लावून बघितला. कडेच्या बारीक रेघा मोजल्या, एकसारख्या अंतरावर, आत वळत गेलेल्या. मग आजीला सगळं समजावून सांगितलं, समुद्र, गाळ, हिमालय. सासूबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी ह्यो आधी पाण्यात ऱ्हात हुता. बरोबरच हाय की, देवाचा पयला अवतार माशाचाच." आणि पळीनं पाणी सोडलं.

विहिरीच्या ढिगाऱ्यावर अकरा दिवस शोधत होती ती गोष्ट चार पिढ्यांपासून घरात होती.

गोदाकाठ

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जाऊन आलो. कोटासॉरसपुढं लेक दीड तास होती. पाटीवर यमनपल्ली आणि आदिलाबाद वाचल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे किनवटच्या पलीकडचं आदिलाबाद?" हो म्हटल्यावर तिला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले.

बेत असा ठरलाय. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, हैदराबादहून थेट लंडन. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबादचा शमशाबाद विमानतळ निम्म्या अंतरावर आहे. लंडनला पाच दिवस, त्यातला एक दिवस रेल्वेनं ऑक्सफर्ड. तिथल्या संग्रहालयात मेगॅलोसॉरसचा जबडा आहे, १८२४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनासोर. मग चार दिवस लाइम रीजिस. ओहोटीच्या वेळा लेकीनं लिहून काढल्यात.

वसमतकर

तारखा उत्तम. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा संग्रहालयात पाय ठेवायला जागा नसते. त्याआधी तुम्ही परत गेलेले असाल. दक्षिण लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ चे सिमेंट-विटांचे डायनासोर आहेत, एखादी संध्याकाळ ठेवा. तिथल्या इग्वानोडॉनच्या नाकावर अजून ते चुकीचं शिंग आहे. स्वेटर सगळ्यांना, आणि समुद्रावर वाऱ्यासाठी कानटोपी.

मोगरा_जालना

लेकीला सांगा, जालन्याच्या दादानं त्या शिंगाचा फोटो मागितलाय.

गोदाकाठ

नक्की काढेल. तिचा एकच प्रश्न उरलाय, सापडलेला दगड विमानात हँडबॅगेत चालतो का?

वसमतकर

हँडबॅगेत अडवू शकतात. टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. आणि कुठं, कोणत्या तारखेला सापडला ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवायला सांगा.